मुलाला पालींचं वेड लागलंय? तक्ता आणू नका, वही उघडा: शाळेचे विषय त्यातून कसे काढायचे

पाल दिसली की पोर ताटावरून उठतं आणि भिंतीशी जाऊन उभं राहतं. पुढचं बहुतेक घरांत सारखंच घडतं. स्टेशनरीच्या दुकानातून सरपटणाऱ्या प्राण्यांचा तक्ता येतो, मोबाइलवर कोमोडो ड्रॅगन लागतो, आणि आठवडा उलटायच्या आत "सांग बरं, पालीला एकूण बोटं किती?" अशी तोंडी परीक्षा सुरू होते. पंधरा दिवसांत वेड उतरतं. मग आपण म्हणतो, हल्लीची मुलं कशात टिकतच नाहीत.

मीही हेच करून बसले. मुलगी तिसरीत होती. मी हौसेने वेळापत्रक आखलं: सोमवारी पालीचं गणित, मंगळवारी पालीचं मराठी, बुधवारी पालीचा भूगोल. बुधवारी ती म्हणाली, "आई, आज पालीचा भूगोल नको ना." तोवर तिला पाल म्हणजे खेळच वाटत होती, मी तिचा गृहपाठ करून टाकला होता.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा क्रम उलटा धरला. आधी पाल, मग मुलीचा प्रश्न, आणि त्या प्रश्नाला ज्या विषयाची गरज पडेल तो विषय. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. पहिले तीन गाळून एकदम प्रयोगावर उडी मारू नका, गडबड बहुतेक तिथेच होते.

## तयारी: सामान कमी, बोलणी जास्त

सामान चार गोष्टींचं. एक शंभर पानी वही (एक पान कोरं आणि एक रेघांचं असेल तर उत्तम), सुतळीने वहीला बांधलेली पेन्सिल, शिलाईची टेप आणि बॅटरी. कॅमेरा असलेला जुना फोन असेल तर बरं. पेन्सिल बांधायचं कारण सांगायला नको. पाल समोर असताना घरात पेन्सिल कधीच सापडत नाही.

खरी तयारी घरच्यांशी बोलण्याची आहे. आमच्याकडे आजी झाडू घेऊन तयार असायच्या. पाल ओट्यावर आली की हाकलायची, गॅलरीत आली की राहू द्यायची, असा तह झाला. हा तह आधी करून घ्या. मूल रोज जिची नोंद करतंय ती पाल एका सकाळी सुपलीत निघाली तर वही तिथेच बंद होते. पेस्ट कंट्रोल ठरलेलं असेल तर ते आधी उरकून घ्या किंवा पुढे ढकला.

मग जागा ठरवा. जागा एकच, घरभर नाही. गॅलरीतली ट्यूबलाइट, जिन्यातला दिवा किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीची काच. वरच्या मजल्यावर असाल तर स्टूल गॅलरीत ठेवायचं नाही, हा नियम पहिल्याच पानावर लिहा.

कुठला प्राणी कशासाठी, तेही आत्ताच ठरवून टाका. घरातली पाल रोजच्या नोंदीसाठी, कारण ती रोज त्याच जागी येते. अंगणातला किंवा सोसायटीच्या कुंपणावरचा सरडा दिवसाच्या निरीक्षणासाठी. सापसुरळी दिसली तर नशीब समजा आणि लांबूनच बघा. तिला कोणी सापाची मावशी म्हणतं, पण ती सापही नाही आणि विषारीही नाही. घोरपड फक्त पुस्तकात आणि गोष्टीत ठेवायची. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. तिला पकडणं, पाळणं, तिचे अवयव विकत घेणं हा गुन्हा आहे. 'हत्थाजोडी' नावाने जी मुळी म्हणून विकतात ती बऱ्याचदा घोरपडीचा वाळवलेला अवयव असते. मोठ्या मुलाला हे जरूर सांगा.

सावधान. पाल बरणीत भरायची नाही, शेपटीला हात लावायचा नाही. घाबरली की ती शेपटी टाकून देते. त्या शेपटीत तिची साठवलेली चरबी असते, म्हणजे आपला खेळ होतो आणि तिची शिदोरी जाते. दगड, विटा, लाकडं हाताने उलथायची नाहीत, खाली विंचू असू शकतो. भिंतीला, काचेला, पालीच्या लेंड्यांना हात लागला तर साबणाने धुवायचा. आपल्या घरातली पाल विषारी नसते, पण तिच्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. दुधात पाल पडली तर दूध टाकायचं ते याच कारणाने, विषामुळे नाही. हा फरक मुलाला नीट समजावून सांगा.

## टप्पा १: आठ दिवस नुसतं बघायचं

या आठ दिवसांत काही शिकवायचं नाही. रोज ठरल्या वेळी पंधरा मिनिटं बसायचं आणि मूल बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. मूल दुसरीपर्यंतचं असेल तर तुम्ही लिहा, पण शब्द त्याचे. "पाल थांबते, मग शेपटी हलवते, मग गप" हे वाक्य 'सुधारून' लिहायचं नाही.

पाहण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे खिडकीची काच. रात्री आत दिवा लावा. पाल काचेच्या बाहेरच्या बाजूला येते आणि आपल्याला तिचं पोट दिसतं. भिंतीवर दिसतं त्याच्या दहापट इथे दिसतं. बोटांच्या खाली आडव्या घड्या असतात, पायरीसारख्या. पाल पाय उचलताना बोटांची टोकं आधी वर वळवते, मग तळवा सुटतो. मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून कधीकधी दोन पांढरी अंडी दिसतात. माझ्या मुलीने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिने काचेवर बोट टेकवलं आणि कुजबुजली, "तिने गोळ्या गिळल्यात."

तिथे मला उत्तर द्यायची भयंकर घाई झाली होती. दिलं नाही. वहीत लिहिलं: 'पोटात दोन पांढऱ्या गोळ्या. काय?' चार दिवसांनी फोटोफ्रेमच्या मागे तसलीच दोन अंडी सापडली आणि उत्तर तिचं तिलाच मिळालं. (अशी अंडी सापडली तर हलवू नका, उलटीपालटी करू नका. तारीख लिहा आणि कॅलेंडरवर रोज फुली मारा. दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्तही लागतात. महिने, आठवडे आणि दिवस यांचं गणित त्या फुल्यांत आपोआप येतं.)

रोज एक चित्र काढायचं, तेही त्याच पालीचं. पहिल्या दिवशी पालीला चार काड्या आणि दोन ठिपके असतात. आठव्या दिवशीच्या चित्रात पापण्या नसतात, कारण घरच्या पालीला उघडमीट करणाऱ्या पापण्या नसतातच आणि ती डोळा जिभेने पुसते. हे मुलाने पाहिलेलं असतं. चित्र सुंदर झालं का, हा प्रश्न इथे कुणी विचारायचा नाही.

तपासणी. आठ दिवसांनंतर वहीत मुलाने स्वतः विचारलेले निदान पाच प्रश्न हवेत. नसतील तर पुढे जाऊ नका, अजून चार दिवस बसा. प्रश्न तुमच्या अक्षरात आणि तुमच्याच भाषेत असतील ("पालीच्या पचनसंस्थेचे कार्य कसे चालते?") तर ते धरायचे नाहीत.

## टप्पा २: मोजणी, म्हणजे शून्य आणि रिकामा चौकोन यांची ओळख

आता तक्ता आखायचा, पण मुलाने, पट्टीने. तारीख, वेळ, दिव्याभोवती पाली किती, पाऊस की कोरडं, दिवा चालू की बंद. वेळ रोज तीच, समजा साडेसात ते पावणेआठ. आज सातला आणि उद्या नऊला मोजलंत तर त्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

आमचा पहिला आठवडा असा होता: ३, ४, २, ०, रिकामं, ५, ४.

चौथ्या दिवशी जोराचा वारा-पाऊस होता. आम्ही पूर्ण पंधरा मिनिटं बसलो आणि एकही पाल आली नाही. ते खरं शून्य. पाचव्या दिवशी लग्नाला गेलो होतो, मोजलंच नाही. मुलगी त्याही चौकोनात शून्य लिहायला निघाली. इथे थांबा. गणितातली इतकी मोलाची जागा तिसरी-चौथीच्या पुस्तकात सहज सापडत नाही. तिला विचारलं, "लग्नाला गेलो तेव्हा पाली आल्या नव्हत्या का?" तिने विचार केला. "आल्या असतील. आपण नव्हतो." म्हणून तिथे आडवी रेघ.

मग सरासरी. बेरीज १८ येते. मोजलेले दिवस सहा, म्हणून १८ भागिले ६, दर रात्री ३ पाली. सातने भागलं असतं तर अडीचच्या आसपास आलं असतं, म्हणजे आमच्या लग्नाला जाण्याचा दंड पालींना बसला असता. मोठी माणसंही हे चुकतात, अगदी कार्यालयांच्या अहवालांतसुद्धा.

आणि वीज गेली असेल तर? अंधारात पाली दिसल्या नाहीत, म्हणून शून्य लिहायचं की रेघ मारायची? आमच्याकडे यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी रेघ मारली आणि शेजारी 'वीज नव्हती' लिहिलं. तुमच्याकडे वेगळं ठरलं तरी चालेल, फक्त नियम लिहून ठेवा आणि मधेच बदलू नका.

दोन आठवड्यांचे आकडे झाले की स्तंभालेख. चौकोनी कागदावर एक पाल म्हणजे एक चौकोन. छापील पालींचे स्टिकर चिकटवण्याचा मोह टाळा. एक स्टिकर मोठं, एक लहान, आणि आलेखाची वाट लागते.

नेहमीची चूक. थंडीत पाली कमी झाल्या की पालक म्हणतात, "पाली नाहीत, राहू दे आता." उलट तेव्हाच मोजायचं. पाल स्वतःच्या शरीराची उष्णता तयार करत नाही, ती बाहेरून घेते. डिसेंबर-जानेवारीतले लहान आकडे आणि मेमधले मोठे आकडे शेजारी ठेवल्यावर 'शीत रक्ताचे प्राणी' हे पाठ्यपुस्तकातलं पान पाठ करायची गरज राहत नाही.

## टप्पा ३: हात न लावता लांबी काढायची

मुलाला पाल किती मोठी ते हवंच असतं, आणि ते मोजायला तो तिला पकडू बघतो. त्याआधी ही युक्ती दाखवा.

स्विचबोर्डाच्या प्लेटची रुंदी टेपने मोजा. आमची १८ सेंटिमीटर निघाली. पाल बोर्डाजवळ आली की समोरून सरळ फोटो काढा. फोटो फोनच्या पडद्यावर ठेवून पट्टीने मोजा. प्लेट ६ सेंटिमीटर दिसली, पाल साडेतीन. प्लेट प्रत्यक्षात तिप्पट आहे, म्हणून पालही तिप्पट: साडेदहा सेंटिमीटर. गुणोत्तर-प्रमाण सहावी-सातवीत येतं, पण 'तिप्पट' तिसरीच्या पोराला कळतं. मोठ्या मुलाकडून हेच समीकरण मांडून घ्या.

चुका तीन होतात. फोटो खालून तिरपा काढला तर वरची पाल आखूड दिसते. प्लेट मोजून झाल्यावर आणि पाल मोजायच्या आधी फोटो झूम केला तर सगळं गणितच बिघडतं. आणि पाल वळलेली असेल तर पट्टी उपयोगाची नाही, पडद्यावर दोरा धरून तो मोजावा लागतो.

धड आणि शेपटी वेगवेगळी मोजायला सांगा. बऱ्याच पालींची शेपटी धडाएवढीच भरते. एखादी फार आखूड भरली तर फोटो मोठा करून बघा: शेपटीचा एक भाग गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा दिसतो का? ती नव्याने उगवलेली शेपटी. जुन्या शेपटीत मणके असतात, नव्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेची कांडी असते. 'तुटलं ते परत उगवतं, पण अगदी तसंच नाही' हे मुलांना विलक्षण आवडतं. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

## टप्पा ४: एकच गोष्ट बदलून बघायची

विज्ञानाचा खरा तास आता येतो, तोही मुलाच्या किंवा घरातल्याच कुणाच्या दाव्यावरून. आमच्याकडे दावा आजींचा होता: मोरपीस लावलं की पाल फिरकत नाही. दुसऱ्या घरात अंड्याची टरफलं असतील. ऐकून सोडून देऊ नका आणि हसू तर अजिबात नका. तपासा.

१. आधी लिहा: आम्हाला काय वाटतं. आजींचं मत, मुलीचं मत, दोघींच्या सह्या.
२. सहा रात्री मोरपिसाशिवाय मोजा.
३. सहा रात्री मोरपीस लावून मोजा. वेळ, दिवा, खिडकी, सगळं तेच.
४. आकडे शेजारी मांडा. मगच बोला.

आमच्याकडे मोरपीस लावल्यावर दुसऱ्याच रात्री एक पाल त्याच्यापासून वीतभर अंतरावर किडे मटकावत बसली. आजी म्हणाल्या, पीस जुनं आहे. मुलगी म्हणाली, मग नवीन आणून परत करू. मला दोघींचंही बोलणं पटलं. प्रयोग पुढे पावसाने लांबला आणि निकाल धडपणे लागला नाही. तसंच वहीत लिहिलं आहे.

दिव्याचा प्रयोगही असाच: काही रात्री पांढरा दिवा, काही रात्री पिवळा. पाल उजेडाला येते की उजेडावर येणाऱ्या किड्यांना, हा प्रश्न मूल साधारण इथपर्यंत आलं की स्वतःच विचारतं.

नेहमीची चूक. दिवा बदलला, त्याच दिवशी खिडकीही उघडी टाकली, वेळही बदलली. मग पाली कशाने वाढल्या ते कळणार कसं? एका वेळी एकच बदल. मूल दोन करायला निघालं तर थांबवा. इथे मात्र मोठ्यांनी आडवं यावं.

## टप्पा ५: म्हणीची परीक्षा अंगणात

हा माझा आवडता टप्पा आहे, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल. भाषा, गणित, विज्ञान आणि भूगोल इथे न बोलावता एकत्र येतात.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण मुलाला आधी अर्थासकट सांगू नका. नुसती म्हण वहीत लिहा आणि विचारा: खरं असेल का? कसं बघायचं?

लागतात तीन खडे आणि टेप. कुंपणापासून जरा लांब, जमिनीवर किंवा दगडावर ऊन खात बसलेला सरडा शोधायचा. मुलाने त्याच्याकडे सरळ, सावकाश, एकाच चालीने चालत जायचं. पळायचं नाही, हात पुढे करायचा नाही. सरडा ज्या क्षणी पळेल त्या क्षणी थांबून स्वतःच्या पायाशी पहिला खडा. सरडा आधी बसला होता तिथे दुसरा. पळून पहिल्यांदा जिथे थांबला तिथे तिसरा. पहिला ते दुसरा खडा म्हणजे त्याने आपल्याला किती जवळ येऊ दिलं, आणि दुसरा ते तिसरा म्हणजे त्याची धाव.

एका सरड्यावर दिवसातून एकदाच. त्याला ऊन खायचं असतं, आपल्यासाठी कवायत करायची नसते. मानेपाशी तांबडालाल झालेला नर दिसला तर मुलं 'रक्तपित्या' म्हणून ओरडतात. तो रंग विणीच्या हंगामातला, तो कुणाचं रक्त पीत नाही. 'सरड्यासारखे रंग बदलणे' हा वाक्प्रचारही याच वेळी तपासायला घ्या: सकाळी गारव्यात तो कसा दिसतो, दुपारी कसा, दुसरा सरडा समोर आला की कसा.

आमच्या नऊ नोंदी झाल्या. नऊपैकी सहा वेळा सरडा कुंपणाकडे गेलाच नाही, शेवग्याच्या खोडावर चढला आणि खोडाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन चिकटला. आपण फिरलो की तोही फिरतो. मुलीने नऊही अंतरं चढत्या क्रमाने लावली आणि मधली, म्हणजे पाचवी, निवडली. वहीत वाक्य लिहिलं: 'आमच्या सरड्याची धाव शेवग्यापर्यंत.' त्यानंतर म्हणीचा अर्थ सांगितला तेव्हा ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे म्हण सरड्याबद्दल नाहीच आहे." लक्षणा-व्यंजना (शब्दांच्या थेट अर्थापलीकडचे अर्थ) वरच्या वर्गात आल्यावर मास्तर काय शिकवायचे ते शिकवतील.

आता भूगोल. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं. तिथे पंख्यासारखा गळा फुगवणारा सरडा राहतो. नराच्या गळ्याखालच्या पडद्यावर निळा, काळा आणि नारिंगी असे रंग असतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांसाठी नवी प्रजाती (म्हणजे 'जीनस', जवळच्या जातींचा गट) मांडली आणि तिला 'सारडा' हे नाव दिलं, ते आपल्या मराठीतल्या 'सरडा' या शब्दावरून. चाळकेवाडीचा तो 'सारडा सुपर्बा'. शास्त्रीय नावं म्हणजे लॅटिनमधली पाठांतराची शिक्षा, असं ज्या मुलाला वाटतं त्याच्यासमोर हे ठेवा.

त्याच पठारावरच्या सरड्यांवर २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेशी संबंधित संशोधकांचा. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कमी होते आणि सरडे जास्त. शिवाय तिथले सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देत होते, उशिरा पळत होते. हे त्यांनी कसं मोजलं? सरड्याकडे चालत जाऊन, तो पळाला तेव्हा किती अंतर होतं ते मोजून. म्हणजे आपला पहिला आणि दुसरा खडा. हे सांगितलं तेव्हा मुलीने वहीची मागची पानं उलटून स्वतःचे आकडे पुन्हा पाहिले. अन्नसाखळीचं चित्र मी तिला काढायला सांगितलं नव्हतं. पवनचक्की, घार, सरडा, नाकतोडा, असं तिने आपणहून काढलं, आणि बाणांच्या दिशेवरून आमचा परत वाद झाला.

तपासणी. नोंदी पाचपेक्षा कमी असतील तर म्हण 'खोटी' किंवा 'खरी' असा निकाल द्यायचा नाही. 'इतक्या वेळा पाहिलं, असं दिसलं' एवढंच लिहायचं.

## टप्पा ६: शब्द आणि नकाशा

या दोन गोष्टींना वेगळा तास नको, मधल्या रिकाम्या वेळात होतात.

रोजच्या इंग्रजीत पालीलाही 'लिझर्ड' आणि सरड्यालाही 'लिझर्ड'. आपल्याकडे दोन वेगळे शब्द, शिवाय सापसुरळी, घोरपड आणि सरडगुहिरा (म्हणजे शॅमेलिऑन) आहेतच. मुलाला यादी करू द्या. आजी-आजोबांना, गावच्या काकांना फोन लावून तिकडचे शब्द विचारू द्या. 'मनात पाल चुकचुकली' हेही फोनवरच येतं. मग रात्री पाल एका दमात किती वेळा चुकचुकते ते मोजणं आलंच. घरात पंचांग असेल तर त्यातलं पल्लीपतनाचं (पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, याचं) कोष्टक वाचायला द्या. ते खरं की खोटं हा वाद नंतर घाला, आधी रांग आणि स्तंभ जुळवून कोष्टक वाचता येतं का ते पाहा.

नकाशा घराचा, वरून पाहिल्यासारखा. उत्तर दिशा, खिडक्या, दिवे, आणि जिथे पाल दिसली तिथे ठिपका. महिनाभरात ठिपक्यांची गर्दी कुठे होते ते मूलच दाखवतं. गुगल मॅप उघडण्याआधी हा हाताने काढलेला नकाशा व्हायला हवा.

## टप्पा ७: सिंहगडाची घोरपड

चौथीच्या इतिहासाजवळ आलेलं मूल हे विचारणारच: घोरपडीला दोर बांधून माणूस खरंच वर चढेल का?

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक, "हो, आपल्या मावळ्यांनी केलं होतं" म्हणून प्रश्न मिटवून टाकणं. दुसरी, "ह्या सगळ्या भाकडकथा" म्हणून पोवाड्यासकट सगळंच फेकून देणं. पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात जे पक्कं आहे ते: तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला, फेब्रुवारी १६७०, त्यात त्यांना वीरमरण आलं. दुसऱ्यात पोवाड्यातली, गोष्टीतली यशवंती घोरपड. तिसऱ्यात आपण स्वतः काय तपासू शकतो.

तिसरा रकाना भरताना काचेवरची पाल परत उपयोगी पडते. पाल काचेला चिकटते ती बोटांखालच्या अतिसूक्ष्म केसांमुळे. टोके गेको नावाच्या मोठ्या पालीच्या एका पायावर असे सुमारे पाच लाख केस असतात (ही संख्या अंकांत लिहायला द्या, शून्यं मोजू द्या). डिंक नाही, हवेने धरणंही नाही. केस आणि भिंत यांच्या रेणूंमधलं अगदी क्षीण आकर्षण, पण लाखो ठिकाणी एकदम. घोरपडीला हे केस नसतात, तिच्याकडे नख्या. ती काचेवर चढू शकत नाही, कपारीत मात्र घट्ट बसते. मग माणसाचं वजन? मुलाला स्वतःचं वजन करू द्या, वडिलांचं करू द्या. घोरपड काही किलोंची असते. बरेच इतिहासकार घोरपडीचा प्रसंग दंतकथाच धरतात, हेही सांगा. मात्र ते सगळ्यात शेवटी, मुलाने तिसरा रकाना भरल्यावर.

मग पोवाड्यात घोरपड का आली, हा नवा प्रश्न. तो मराठीच्या खात्यात टाका.

## टप्पा ८: वही शाळेत न्यायची तेव्हा

प्रकल्प म्हणून देणार असाल तर बाईंना किंवा सरांना आधी भेटा आणि मूळ वही दाखवा. बहुतेक ठिकाणी चकचकीत फाइल मागतात. फाइल द्या, पण आलेख, नकाशा आणि एक मळकं पान मुलाच्या हातचं असू द्या. आमची फाइल एकदा "स्वच्छ नाही" म्हणून परत आली होती. आम्ही शुद्ध प्रत केली, मूळ वहीला हात लावला नाही. शुद्ध प्रत करताना आकडेही 'शुद्ध' होतात, तिकडे लक्ष ठेवा. लग्नाच्या दिवसाची रेघ तशीच राहिली पाहिजे.

मुलाला वर्गात बोलायचं असेल तर तीन मिनिटं पुरेत: काय विचारलं, कसं बघितलं, काय दिसलं. निकाल लागला नसेल तर तेही.

आणि वेड मध्येच ओसरलं तर? ओसरू द्या. ओढून ताणून टप्पा आठपर्यंत जायची गरज नाही. शेवटच्या नोंदीखाली तारीख टाका आणि वही स्विचबोर्डाजवळच्या फळीवर ठेवा, पेन्सिल बांधलेलीच राहू द्या. आमची वही नोव्हेंबरात बंद झाली होती. मार्चच्या एका रात्री जेवताना मुलीने मान वर केली, "तीन आहेत," म्हणाली, आणि डाव्या हाताने वही ओढली. उजवा हात वरणभाताचा होता.